वस्तीवर मुलांना शिकवायला जाताय? या चुका टाळा

समाजमंदिरात सतरंजी अंथरली, समोर आठ-दहा मुलं बसली आणि चौथीतल्या मुलाच्या हातात आपण चौथीचं पुस्तक दिलं. हौसेने शिकवायला जाणाऱ्या बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. मीही पहिले तीन महिने हेच केलं. मुलं माना डोलवत होती, फळ्यावरचं वहीत छान उतरवून घेत होती आणि मला वाटत होतं, जमतंय की! त्यातल्या दोघांना एक ओळही सलग वाचता येत नाही हे मला दिवाळीनंतर कळलं. त्यांचा तेवढा वेळ माझ्यामुळे वाया गेला, याची खंत अजून आहे.

इयत्तेवरून सुरुवात करू नका

पहिल्याच दिवशी एकेका मुलाला जवळ बसवून वाचून घ्या. 'प्रथम' संस्थेची 'असर' पाहणी २००५ पासून ज्या पायऱ्या वापरते त्या आपल्यालाही पुरतात: सुटी अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथे अडेल तिथून शिकवायला घ्या, मग ते कितवीत का असेना.

पाठांतर मात्र फसवतं. शाळेतला धडा मूल घडाघडा म्हणतं, तेव्हा बोट भलत्याच ओळीवर असतं. म्हणून न पाहिलेला मजकूर द्या. बाराखडीचंही तसंच. 'क का कि की' चालीवर येते, पण नुसत्या 'कू'वर बोट ठेवलं की मूल मनात पुन्हा 'क'पासून सुरुवात करतं. अशा मुलाला अख्खी बाराखडी घोटायला लावू नका. आधी फक्त काना घ्या आणि लगेच शब्द करा: कान, दार, मामा, राजा. आठवडाभर तेवढंच. मग वेलांटी.

आकडे उलटे लिहितो म्हणून रागावू नका

मुलाला 'छत्तीस' लिहायला सांगितलं, त्याने ६३ लिहिलं. हा निष्काळजीपणा नव्हे. 'छत्तीस' म्हणताना सहा आधी ऐकू येतात, तीस नंतर, आणि कानावर आलं त्या क्रमाने मूल लिहितं. 'एकोणपन्नास'मध्ये तर 'पन्नास' ऐकू येतं, मग ५९ होतात. मराठी संख्यानामांची ही अडचण खरी आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'सत्तावीस'सोबत 'वीस सात' असं वाचन आलं, तेव्हा केवढा वाद झाला! गणित विषय समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी त्यामागची कारणं सांगितली, तरी टीका थांबली नाही. मला स्वतःला तो विचार पटतो. निदान शिकवताना तरी 'तीस आणि सहा, छत्तीस' असं जोडीने म्हणा. आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून ठेवा. तीन गठ्ठे, सहा सुट्या काड्या: हातात धरून मोजलं की उलटापालट कमी होते.

वजाबाकीतही हेच पाहा. ५२ − २७ चं उत्तर ३५ आलं, की आपण लाल फुली मारून बरोबर उत्तर लिहून देतो. त्याआधी विचारा, "कसं केलंस, सांग ना." मूल सांगतं: "सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन." म्हणजे एकक असो की दशक, ते मोठ्यातून लहान वजा करतंय. याला हातच्याची शंभर उदाहरणं देऊन काही होत नाही. पाच गठ्ठे नि दोन काड्या समोर ठेवा आणि म्हणा, "यातून सत्तावीस दे मला." दोनच सुट्या आहेत हे पाहून ते आपणच एका गठ्ठ्याचं रबर काढतं. तो क्षण बघण्यासाठी मी दर शनिवारी जाते.

'पानी' वाचलं तर?

वाचू द्या. घरात जी बोली आहे तिच्याच उच्चारात मूल वाचणार. अर्थ समजलाय ना? मग मध्येच टोकू नका. दर दोन शब्दांना अडवलं की मूल हळू आवाजात वाचायला लागतं, पुढे वाचायचंच टाळतं. 'पाणी' कसं लिहायचं ते लेखनाच्या वेळी सांगा.

गृहपाठ पुरा करून देणं

आई-वडिलांना वाटतं, ताई गृहपाठ घेतील. मुलं गाईड घेऊनच येतात. तासाभरात आपण उत्तरं सांगतो, ती लिहितात, वही भरते, वाचायला कोणी शिकत नाही. शेवटची पंधरा मिनिटं गृहपाठाला ठेवा आणि पालकांना हे आधीच सांगून टाका.

बाकी काही गोष्टी

सांगून न येणं फार लागतं मुलांना. दोन तास जमत नसतील तर एकच ठेवा, पण तो चुकवू नका. वर्ग उघड्या दारातच घ्या, एकट्या मुलाला घेऊन बंद खोलीत बसू नका. पालकांना न विचारता मुलांचे फोटो स्टेटसला टाकू नका. खाऊ द्यायचा तर सगळ्यांना.

आणि प्रत्येक मुलासाठी वहीत एक पान ठेवा. "रफार आला की थांबते." "एकोण- लागलं की चुकतो." एवढंच लिहा, पण तारखेनिशी. तुमची नोकरी बदलेल, गाव बदलेल, तेव्हा तुमच्या जागी येणाऱ्याच्या हातात ती वही द्या.