मेलवर आलेला पॅच गिटमध्ये कसा लावायचा (आणि पाठवणाऱ्याचं नाव कसं टिकवायचं)

लिनक्स कर्नल, क्यूईमू (व्हर्च्युअल मशीन चालवणारं), यू-बूट (मशीन सुरू करणारा बूटलोडर) आणि खुद्द गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल), या प्रोजेक्टांचं काम आजही मुख्यतः मेलवर चालतं. पुल रिक्वेस्ट (वेबसाइटवरून ‘माझा बदल घ्या’ अशी विनंती) नाही, बटण नाही, सरळ मेल येतो आणि मेलमध्येच कोडमधला बदल, म्हणजे पॅच, असतो. ज्यांनी फक्त गिटहब बघितलंय ते अशा वेळी काय करतात तर मेलमधला डिफ (कुठल्या ओळी गेल्या, कुठल्या आल्या त्याची यादी) कॉपी करतात, फाइलमध्ये पेस्ट करतात, हाताने बदल करतात आणि मग स्वतःच्या नावाने कमिट (इतिहासातली बदलाची नोंद) टाकतात. कोड कदाचित चालेलही, पण ज्या माणसाने बग शोधला आणि सुधारला त्याचं नाव इतिहासातून पुसलं जातं, आणि ते मला अजिबात पटत नाही. ओपन सोर्समध्ये पगार बहुतेकांना मिळत नाही, नाव तेवढं मिळतं, ते तरी नीट राहायला हवं की नको?

नाव, तारीख, मेसेज हे सगळं जसंच्या तसं ठेवून पॅच लावायची सोय गिटमध्ये आहे, कमांडचं नाव ‘गिट एएम’. २००५ च्या एप्रिलमध्ये लिनस टोरवाल्ड्सने गिट लिहायला घेतलं तेव्हा कर्नलचे पॅच मेलनेच येत होते, त्यामुळे मेलवरून थेट कमिट बनवणं हे त्यातलं अगदी सुरुवातीपासूनचं काम. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये, लहान अक्षरांत टाइप करा.)

आधी मेल वाचायला शिका

विषयाच्या ओळीत चौकोनी कंसात ‘पॅच व्ही२ १/३’ असं काहीतरी दिसेल. म्हणजे तीन पॅचची मालिका आहे, हा त्यातला पहिला, आणि ही दुसरी आवृत्ती. कंसातला मजकूर गिट आपोआप काढून टाकतं, उरलेला विषय हे कमिटचं शीर्षक होतं. मेलचा मजकूर म्हणजे कमिट मेसेज. त्याच्या खाली तीन डॅशची एक ओळ असते, तिच्यापासून डिफ सुरू होईपर्यंत जे काही लिहिलंय ते फक्त वाचणाऱ्यांसाठी, ‘मागच्या वेळी अमुक चुकलं होतं ते सुधारलं’ टाइपच्या टिपा, त्या इतिहासात जात नाहीत. त्यानंतर खरा डिफ.

लेखकाचं नाव मेलच्या ‘फ्रॉम’ हेडरमधून येतं. कधी कधी मजकुराच्या पहिल्याच ओळीत आणखी एक ‘फ्रॉम’ असतो, म्हणजे पॅच एकाने लिहिलाय आणि पाठवलाय दुसऱ्याने, तेव्हा गिट आतलं नाव धरतं आणि तेच बरोबर आहे. कुणी आपलं नाव देवनागरीत लिहिलं असेल तर मूळ मेलमध्ये ते बरोबर-चिन्हं आणि प्रश्नचिन्हांच्या जंजाळात एनकोड होऊन आलेलं दिसेल, घाबरू नका, ‘गिट एएम’ ते उलगडून नाव नीट देवनागरीतच लिहितं.

मेल कच्चा सेव्ह करा

सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात, म्हणून हे जरा सविस्तर. स्क्रीनवरून कॉपी-पेस्ट करू नका. ब्राउझरमध्ये टॅबच्या जागी स्पेस येतात, लांब ओळी मध्येच तुटतात, शेवटच्या रिकाम्या जागा उडतात, आणि पॅचला तर एकेक स्पेस मोजून हवी असते. मग ‘करप्ट पॅच’ असा एरर येतो आणि माणूस तासभर कोडमध्ये चूक शोधत बसतो, चूक असते पेस्टमध्ये.

जीमेलमध्ये मेल उघडून तीन टिंबांच्या मेन्यूत ‘शो ओरिजिनल’ वर जा, तिथे ‘डाउनलोड ओरिजिनल’ मिळेल, ती ईएमएल फाइल घ्या. थंडरबर्डमध्ये ‘सेव्ह अ‍ॅज’ केलं की तशीच फाइल मिळते. मट (टर्मिनलवरचा मेल प्रोग्रॅम) वापरत असाल तर मालिकेतले सगळे मेल टॅग करून एकाच एमबॉक्स फाइलमध्ये (एकाखाली एक अनेक मेल ठेवणाऱ्या) सेव्ह करा, ‘गिट एएम’ त्यातून एकेक मेल स्वतःच वेगळा काढतं.

कर्नलचा पॅच असेल तर आणखी सोपं. लोर डॉट कर्नल डॉट ऑर्ग या मेलच्या संग्रहात प्रत्येक धाग्याची एमबॉक्स फाइल तयारच मिळते. आणि ‘बी४’ नावाचं टूल आहे, त्याला ‘बी४ एएम’ म्हणून मेलचा मेसेज-आयडी (हेडरमधली त्या मेलची ओळख) दिला की ते अख्खी मालिका खाली उतरवतं, क्रम लावतं, त्याच धाग्यात नवी आवृत्ती आली असेल तर ती निवडतं आणि लोकांनी उत्तरांत दिलेले ‘रिव्ह्यूड-बाय’ (कोड वाचून तपासल्याच्या ओळी) सुद्धा गोळा करून योग्य पॅचखाली जोडतं. कर्नलवर नियमित काम करणार असाल तर हे टूल आजच टाकून घ्या, हाताने हे सगळं करण्यात काहीच अर्थ नाही.

वेगळी ब्रँच, बरोबर जागेवरून

मेन ब्रँचवर (इतिहासाच्या मुख्य फांदीवर) थेट पॅच लावू नका. ‘गिट स्विच -सी चाचणी’ करून नवी ब्रँच काढा, म्हणजे काही बिघडलं तर ब्रँच उडवून मोकळे. अर्धवट बदल पडलेले असतील तर आधी कमिट करा किंवा स्टॅश करा (तात्पुरते बाजूला ठेवा), इंडेक्समध्ये (पुढच्या कमिटसाठी ‘अ‍ॅड’ केलेल्या बदलांत) काही पडून असेल तर ‘गिट एएम’ सुरूच होत नाही. आणि मेलच्या तळाशी ‘बेस-कमिट’ अशी ओळ आहे का ते बघा, असेल तर ब्रँच त्याच कमिटवरून काढा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

लावायच्या आधी नजर टाका

‘गिट अप्लाय --स्टॅट’ आणि पुढे फाइलचं नाव दिलं की कुठल्या फाइलमध्ये किती ओळी बदलणार ते दिसतं. ‘गिट अप्लाय --चेक’ काहीही न बदलता फक्त पॅच बसतो का ते सांगतं. यानंतर डिफ डोळ्यांनी वाचा, खरंच वाचा. मेलमधलं नाव कुणीही टाकू शकतं, त्यामुळे ओळखीचं नाव दिसलं म्हणून पॅच सुरक्षित असं धरू नका. विशेषतः मेकफाइल आणि बिल्ड स्क्रिप्टमधले बदल नीट बघा, कारण ते बिल्ड करताना तुमच्या मशीनवर चालणार असतात.

आता लावा

‘गिट एएम -३’ आणि पुढे फाइलचं नाव. बस. पॅच सुट्या फाइलींत असतील तर सगळ्यांची नावं क्रमाने द्या. ०००१, ०००२ असे आकडे नावात असले की स्टार डॉट पॅच दिलं तरी क्रम बरोबर लागतो, फक्त ०००० नंबरची फाइल बाजूला काढून ठेवा, ते मालिकेचं प्रास्ताविक असतं, त्यात डिफ नसतो आणि गिट तिथेच अडतं.

ती -३ मी दरवेळी लावतो, कारण सांगतो. डिफमध्ये प्रत्येक फाइलसाठी ‘इंडेक्स’ नावाची ओळ असते, तिच्यात जुन्या फाइलचा हॅश (मजकुरावरून काढलेला ओळख-क्रमांक) असतो. पॅच सरळ बसला नाही तर गिट त्या हॅशवरून तुमच्या रिपॉझिटरीत (तुमच्याकडच्या प्रोजेक्टच्या इतिहासात) ती जुनी फाइल शोधतं आणि नेहमीच्या मर्जसारखं तिघांची तुलना करून बदल बसवतं. -३ नसेल तर बदलाच्या आजूबाजूची एक ओळ जरी वेगळी झाली असली तरी ‘पॅच डझ नॉट अप्लाय’ म्हणून सरळ नकार मिळतो.

अडलं तर

-३ लावूनही कॉन्फ्लिक्ट आला (त्याच ओळी दोन्हीकडे वेगळ्या बदललेल्या निघाल्या) तर फाइलमध्ये नेहमीच्या खुणा दिसतील. त्या सोडवा, ‘गिट अ‍ॅड’ करा, आणि मग ‘गिट एएम --कंटिन्यू’. इथे एक गोष्ट घट्ट लक्षात ठेवा, मधे ‘गिट कमिट’ करू नका. कमिट केलंत की लेखक तुम्ही होता, ‘कंटिन्यू’ केलंत की मूळ माणसाचं नाव आणि तारीख मेलमधून उचलली जाते, ज्यासाठी आपण एवढा खटाटोप करतोय ते सगळं या एका कमांडवर आहे.

जुनी फाइलच तुमच्याकडे नाही असं गिट म्हणालं तर आधी मूळ प्रोजेक्टवरून ‘गिट फेच’ करून बघा. तरीही नाही मिळाली तर ‘गिट अप्लाय --रिजेक्ट’ ला ‘.गिट/रिबेस-अप्लाय/पॅच’ ही फाइल द्या. जेवढे तुकडे बसतात तेवढे बसतील, उरलेले ‘.रेज’ नावाच्या फाइलींत पडतील, ते हाताने लावा, ‘.रेज’ फाइली काढून टाका, मग पुन्हा अ‍ॅड आणि कंटिन्यू. मालिकेतला एखादा पॅच नकोच असेल तर ‘--स्किप’, आणि सगळंच सोडून आधीच्या जागी जायचं असेल तर ‘--अबॉर्ट’. अर्धवट टाकून उठू नका, नाहीतर पुढच्या वेळी जुनं काम अजून चालूच आहे म्हणून गिट नवीन पॅच घेणार नाही.

‘पॅच फॉरमॅट डिटेक्शन फेल्ड’ आलं तर बहुधा कच्च्या मेलऐवजी एचटीएमएल पान सेव्ह झालंय. ओळींच्या शेवटच्या विंडोज-छाप खुणांमुळे अडत असेल तर ‘--कीप-सीआर’ लावून बघा. पाठवणाऱ्याच्याच मेल प्रोग्रॅमने पॅच बिघडवला असेल तर दुरुस्त करत बसू नका, ‘गिट सेंड-ईमेल’ने पुन्हा पाठवा असं नम्रपणे कळवा.

तपासा आणि कळवा

‘गिट लॉग --फॉरमॅट=फुलर’ चालवा. ऑथरच्या जागी पॅच लिहिणाऱ्याचं नाव आणि कमिटच्या जागी तुमचं नाव दिसलं की काम बरोबर झालंय, दोन्ही नावं वेगवेगळी असणं हेच हवंय. तुम्ही मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारे, पॅच घेणारे) असाल आणि प्रोजेक्टची पद्धत तशी असेल तर ‘गिट एएम’ चालवतानाच -एस लावून स्वतःचा ‘साइन्ड-ऑफ-बाय’ (सहीसारखी ओळ) जोडा, तो मूळ लेखकाच्या खाली येतो.

मग बिल्ड करा, चालवून बघा. पॅच चालला तर त्याच मेलला साध्या मजकुरात उत्तर द्या, एचटीएमएल नको, कर्नलच्या मेलिंग लिस्ट एचटीएमएल मेल घेतच नाहीत. कुठल्या मशीनवर, कसं तपासलं ते दोन ओळींत सांगा आणि खाली ‘टेस्टेड-बाय’ लिहून आपलं नाव आणि ईमेल द्या. मेंटेनरने पॅच घेतला की ती ओळही कमिटमध्ये जाते, लेखकाच्या नावाखाली.