लिव्हरच्या ओपीडीला जायच्या आधी रक्ताच्या तपासण्यांची तयारी

ऑटोइम्यून हेपॅटायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटते तो आजार, असलेल्या पेशंटची पुढची तारीख मिळाली की सगळ्यात आधी डॉक्टरांची चिठ्ठी नीट वाचा आणि त्यात आयजीजी (रक्तातल्या एका प्रकारच्या अँटिबॉडीची तपासणी) लिहिलंय का ते बघा. कारण लॅबमध्ये जाऊन आपण नुसतं "एलएफटी करायचंय" म्हटलं तर लिव्हरच्या नेहमीच्या तपासण्या, म्हणजे एसजीओटी, एसजीपीटी, बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फेटेज, अल्ब्युमिन असं सगळं येतं, पण आयजीजी त्यात नसतं, ते वेगळं सांगावं लागतं. या आजारात ते फार मोलाचं आहे. एसजीपीटी नॉर्मल आला की घरचे निर्धास्त होतात, पण डॉक्टर आजार आटोक्यात आला असं तेव्हाच मानतात जेव्हा एसजीओटी, एसजीपीटी आणि आयजीजी तिन्ही नॉर्मलमध्ये येतात, आणि उपचार सुरू केल्यापासून ६ महिन्यांत तिथवर पोचायचं असं धरलेलं असतं. एसजीओटी-एसजीपीटी हे एन्झाइम खाली आले पण आयजीजी चढलेलंच राहिलं तर आत सूज अजून असू शकते. एएनए ही अँटिबॉडीची दुसरी तपासणी मात्र निदानाच्या वेळी लागतं, दर खेपेला परत करायची सहसा गरज नसते, उगाच पैसे घालवू नका.

अ‍ॅझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी चालू असेल तर सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) हवंच, कारण या गोळीने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, सुरुवातीला दर आठवड्या-दोन आठवड्यांनी बघतात आणि बस्तान बसलं की साधारण ३ महिन्यांनी. स्टेरॉइड असेल तर शुगर पण. गाउटसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट दिलं असेल तर ते आवर्जून सांगा, अ‍ॅझाथायोप्रिनबरोबर ते धोक्याचं आहे.

आता वही. हे मी सगळ्यांना कळकळीने सांगते, रिपोर्टांची पिशवी नेऊ नका, एक वही करा आणि तारीख, एसजीओटी, एसजीपीटी, बिलिरुबिन, आयजीजी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट असे रकाने पाडा आणि शेवटी त्या दिवशीचा स्टेरॉइडचा डोस. आमच्या आईच्या वहीत एका ओळीत एसजीपीटी ३८ आणि पुढच्या ओळीत ६१, नुसता रिपोर्ट बघितला तर ६१ किरकोळच वाटतो, पण शेजारच्या रकान्यात प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड १० वरून ५ केल्याचं होतं, आणि डॉक्टरांनी बोट नेमकं तिथंच ठेवलं. शक्यतो एकाच लॅबमध्ये जा. आणि युनिट पण लिहा, काही लॅब आयजीजी ग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात आणि काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, त्यामुळे १६ आणि १६०० हे एकच असतं, माहीत नसलं की घाबरायला होतं.

रक्त द्यायच्या आधीचे दोन-तीन दिवस कुळागरात (माडा-पोफळीच्या बागेत) नारळ ओढणं, माती खणणं असलं अंगमेहनतीचं काम नको, स्नायूंना ताण पडला की एसजीओटी-एसजीपीटी तसेही वाढतात आणि मग लिव्हरच्या नावाने काळजी. हुर्राक, फेणी असली दारू नकोच, सीझन असला तरी. काढे, चूर्ण जे काय चालू असेल ते वहीत लिहा, लपवू नका, विशेषतः गुळवेल, कोविडच्या काळात ती घेणाऱ्या काही पेशंटना असाच लिव्हरचा त्रास झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलंय.

एलएफटी आणि आयजीजीसाठी उपाशी राहायची गरज नसते, फास्टिंग शुगर किंवा लिपिड असेल तरच. म्हाताऱ्या माणसाला पहाटेच्या कदंब बसने डिचोलीहून बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) उपाशी नेणार असाल तर आधी हे विचारून घ्या. उपाशी जावंच लागलं तर डब्यात पेज किंवा पोळी आणि सकाळची स्टेरॉइडची गोळी बरोबर घ्या, रक्त दिलं की लगेच खाऊन गोळी, रक्त आहे म्हणून स्वतःहून गोळी चुकवायची नाही. रिपोर्टवर सॅम्पल हिमोलाइज्ड (म्हणजे नमुन्यातल्या लाल पेशी फुटलेल्या) असं लिहिलेलं असेल तर एसजीओटी खोटा चढलेला असू शकतो, परत द्यायचं का ते विचारा. आयजीजीचा रिपोर्ट कधीकधी उशिरा येतो, म्हणून गोमेकॉच्या तारखेच्या आठवडाभर आधीच रक्त देऊन ठेवा.

डोळे पिवळे दिसले, लघवी चहासारखी झाली किंवा माणूस भ्रमिष्टासारखा बोलायला लागला तर तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी गोळ्या मोजून घ्या, त्या दिवसांत फार्मसी बंद असल्या तर स्टेरॉइड अचानक थांबतं आणि ते जिवावर बेतू शकतं, निदान १५ दिवसांचा साठा घरात असू दे.