उंच, वजनदार वैमानिक पायपर जे-३ कबमध्ये कसा बसवावा

आधी वजनकाटा, मग गादी. कब या एकामागे एक दोन सीटच्या छोट्या विमानाचं उड्डाणावेळचं कमाल वजन सुमारे ५५३ किलो. रिकामं विमान साधारण ३४७, भरलेल्या टाकीतलं पेट्रोल ३३. माणसं-सामानासाठी उरतात १७३ किलो, तेही कागदावर; रंग-दुरुस्त्यांनी जुनी विमानं जड होतात, त्यामुळे ताजं वजन करूनच हिशेब मांडा. एकट्याने उडताना मागच्याच सीटवर बसा.

डोकं छताच्या नळीला लागत असेल तर जाड, मऊ गादी काढून पातळ, घट्ट फोम घाला. मऊ फोम धक्क्यात दबतो, मार मणक्याला बसतो.

मग पट्टे आवळून दांडा (विमान चालवायची कंट्रोल स्टिक) चारही टोकांना न्या. खरी अडचण इथेच कळते: पोटाला अडला, तर उतरताना नाक पुरेसं उचलता येत नाही. टाचेने दाबायच्या ब्रेकसाठी अरुंद बूट घाला.