विसर्जन मिरवणूक लाइव्ह: चौकात उतरण्याआधी

पुण्याच्या अलका टॉकीज चौकातून मिरवणूक लाइव्ह द्यायची तर कॅमेऱ्याच्याही आधी पिंग बघा, म्हणजे निरोप स्टुडिओला जाऊन परत यायला लागणारा वेळ. आणि तो सकाळच्या निवांत वेळी बघून समाधान मानू नका. गेल्या खेपेला मी तेच केलं. सकाळी ६० मिलिसेकंद होते. संध्याकाळी ढोल-ताशा पथकं आली, सगळ्यांचे मोबाइल एकदम वर झाले आणि आकडा ३०० वर. बाप्पा नुसते चौकोनाचौकोनांत! म्हणून गणपतीतलीच एखादी गर्दीची संध्याकाळ गाठा, त्याच जागी अर्धा तास मोजा, सगळ्यात वाईट आकडा वहीत लिहा.

त्याची चौपट म्हणजे एसआरटीची (इंटरनेटवरून स्टुडिओपर्यंत चित्र पोचवायच्या पद्धतीची) लेटन्सी, म्हणजे हरवलेल्या पॅकेटची (चित्राच्या तुकड्याची) वाट बघायची मुदत. मूळ सेटिंग १२० मिलिसेकंदांचं असतं, ते इथे कामाचं नाही. हरवलेलं पॅकेट स्टुडिओने परत मागायचं, निरोप इथवर यायचा, पॅकेट पुन्हा निघायचं, तेही वाटेत गळलं तर पुन्हा पहिल्यापासून. मुदत टळल्यावर पोचलेलं पॅकेट म्हणजे वरातीमागून घोडं. ३०० ला १२०० पुरतात, मी सरळ २००० ठेवतो. यूट्यूबवरचा प्रेक्षक तसाही काही सेकंद मागेच असतो. दोन टोकांना वेगवेगळे आकडे टाकलेत तर मोठा लागू होतो.

मग अपलोड. ६ एमबीपीएसचं चित्र म्हणजे १३१६ बाइटची सेकंदाला साधारण ५७० पॅकेटं. गळती १ टक्का धरली तरी दर सेकंदाला पाच-सहा परत पाठवायची. त्यासाठी २५ टक्के जागा मोकळी हवी, म्हणजे साडेसात. गर्दीत तेवढं मिळत नसेल तर मुकाट्याने ४ वर या.

एफईसी, म्हणजे गळलेलं भरून काढायला जास्तीची पॅकेटं आधीच सोबत पाठवणं, लावू का, असं हमखास कुणीतरी विचारतं. दहा आकडे आणि त्यांची बेरीज पाठवली, तर एक पुसला गेला तरी काढता येतो. दोन पुसले की संपलं. एफईसीचं साधारण तसंच. आडव्या-उभ्या रांगा लावून थोडं जास्त सावरतं, पण मोबाइलवर पॅकेटं झुंडीने गळतात. परतीची वाटच नसेल तिथे ते लावा.

दोन कंपन्यांची सिमं घेतली म्हणून निश्चिंत होऊ नका, दोघींची यंत्रं एकाच टॉवरवर असू शकतात. चौकातल्या एखाद्या दुकानदाराचं फायबर मिळवा, त्याच्या राउटरला यूपीएस लावा. सिमवर बाहेरून कुणी पोचू शकत नाही, तेव्हा एन्कोडर (चित्र आवळून पाठवणारं यंत्र) कॉलर, म्हणजे जोडणी सुरू करणारा, आणि स्टुडिओ लिसनर, म्हणजे तिची वाट बघणारा; तिथला यूडीपी पोर्ट (एसआरटी आत यायचं दार) उघडलाय का ते आदल्या दिवशीच बघा.

रंगीत तालीम ऑफिसात होते. पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या यंत्राच्या मधल्या लिनक्स मशीनवर नेटएमने (खराब नेटवर्कची नक्कल करणाऱ्या साधनाने) २ टक्के पॅकेटं मुद्दाम पाडा आणि चित्र फाटतं का ते पाहा.

शेवटी, एका माणसाला फक्त आकड्यांसमोर बसवा. ‘लॉस्ट’ (वाटेत हरवलेली पॅकेटं) कितीही वाढू दे, घाबरायचं नाही, ती परत मिळताहेत. ‘ड्रॉप्ड’ (मुदत टळल्याने सोडून दिलेल्यांचा आकडा) हलायला लागला की त्याने बिटरेट (चित्राचे एमबीपीएस) उतरवायचा, मला फोन लावत बसायचं नाही. त्या गोंगाटात मला रिंग ऐकू येत नाही.