व्हेच ओळखताना या चुका टाळा

व्हेच म्हणजे वाटाण्याच्या कुळातली, जांभळ्या फुलांची एक नाजूक वेल. गोव्यात कुणी 'व्हेच सापडलं' म्हणून फांदी आणून दाखवली, की मी आधी पानाचं टोक बघतो. फूल नंतर. माझ्याकडे आलेल्या बहुतेक फांद्या कुंपणावरच्या गुंजेच्या निघाल्या. गुंजेचंही पान पिसासारखं आणि वेल नाजूक, त्यामुळे फसायला होतं. पण तिचं पान टोकाला नुसतं संपतं. व्हेचच्या पानाच्या टोकाला फाटे फुटलेला, दोऱ्यासारखा तणावा असतो आणि तो शेजारच्या काडीला घट्ट वेटोळं घालतो. मात्र अगदी कोवळ्या रोपावरून निर्णय देऊ नका, पहिल्या पानांना तणावा नीट आलेला नसतो.

दुसरी चूक म्हणजे वाटाणा समजणं. इथे देठाच्या बुडाशी बघा. वाटाण्याची उपपर्णं (देठाच्या बुडाची छोटी पानं) पर्णिकांहून, म्हणजे पिसासारख्या पानाच्या सुट्या भागांहून मोठी, खोडाला कवटाळून बसलेली असतात. व्हेचची लहान आणि दातेरी असतात. एखादं उलटवून भिंगाखाली धरा, बहुधा गडद जांभळट ठिपका दिसेल. ती मधुग्रंथी, गोड रस पाझरणारी. माझ्या कुंडीत फूल यायच्या आधीच मुंग्यांची ये-जा का सुरू झाली, हे मला तो ठिपका बघितल्यावर कळलं. इतकी सुंदर खूण हाताशी असताना लोक फोटोतल्या जांभळ्या फुलावरून नाव ठरवतात, याचं फार वाईट वाटतं. लाखेच्या डाळीच्या वेलाचं खोड पंखासारखं पसरट असतं, तिथे गोंधळ होऊ नये.

व्हेचला विसिया सटिवा हे शास्त्रीय नाव वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये दिलं. वनस्पती भूमध्य समुद्राकडची, वर्षायू (एका वर्षात आयुष्य संपवणारी) आणि थंडीची. मी पहिल्यांदा जूनमध्ये पेरली, सगळे दाणे कुजले. डिसेंबरात पेरलेली उगवली. उगवताना अळसांद्यासारखी (चवळीसारखी) डाळिंबी, म्हणजे दाण्याची दोन दलं, वर येत नाही, ती मातीतच राहते. तेव्हा 'अजून रुजलं नाही' म्हणून उकरत बसू नका.

दाणे मसुरासारखे दिसले तरी ते डाळीत मिसळू नका, कोंबड्यांनाही टाकू नका. त्यांत बीटा-सायनोॲलनिन हे विषारी द्रव्य असतं. शेंग बघितली तर फरक लगेच कळतो: मसुराच्या चपट्या शेंगेत एक-दोन दाणे, व्हेचच्या लांब शेंगेत चार ते बारा.

शेंगा काळ्या पडू लागल्या की उन्हं चढायच्या आधी तोडून कागदी पिशवीत घाला. वाळलेली शेंग पीळ खाऊन फुटते आणि दाणे पार शेजारच्या वाफ्यात जातात.