वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळायला घेताना

२००४ साली आलेला, इंटरनेटवर अनेकांनी मिळून खेळायचा हा संगणकीय खेळ विसाव्या पातळीपर्यंत विनामूल्य खेळता येतो; म्हणून मासिक वर्गणी भरण्याआधी तेवढा टप्पा सावकाश पार करावा. शत्रूचे घाव झेलणे, सहकाऱ्यांना बरे करणे आणि प्रहार करणे या तीन भूमिकांपैकी आपल्या स्वभावाला कोणती मानवते, हे पाहून पात्र निवडावे. खरा आनंद गिल्डमध्ये, म्हणजे नेहमी एकत्र खेळणाऱ्यांच्या गटात, आहे: वीस जणांनी अनेकदा हरून अखेर एखादा बलाढ्य शत्रू पाडला की होणारा जल्लोष एकट्याने खेळून मिळत नाही, असे मला मनापासून वाटते. मात्र हीच सोबत वेळही खाते. मोहिमा ठरलेल्या रात्री तासन्‌तास चालतात आणि मध्येच उठल्यास सगळ्यांचा खोळंबा होतो. त्यामुळे आठवड्यातल्या किती रात्री देता येतील, हे आधीच घरच्यांशी बोलून ठरवावे व गिल्डच्या प्रमुखाला स्पष्ट सांगावे.