जोडप्याचं समुपदेशन: पहिली चार सेशन्स कशी घ्यावीत

जोडपं समोर येऊन बसतं तेव्हा दोघांची अपेक्षा बहुधा एकच असते: समुपदेशकाने समोरच्याला त्याची चूक दाखवावी. तुम्ही निवाडा करायला बसलात, की ज्याच्या विरुद्ध निकाल गेला तो पुढच्या वेळी येत नाही. म्हणून सुरुवातीलाच सांगा, 'मी तुमच्या नात्याच्या बाजूने आहे, दोघांपैकी एकाच्या नाही.'

पहिलं सेशन एकत्र घ्या, ७५ ते ९० मिनिटांचं. एका माणसाला पुरणारी ५० मिनिटं दोघांना कमी पडतात. सोबत आई, सासू किंवा भाऊ आले असतील तर त्यांना बाहेर बसायला सांगा. तक्रार ऐकायला प्रत्येकी दहा मिनिटं द्या. मग लग्न ठरताना एकमेकांत काय आवडलं होतं, ते विचारा. हा प्रश्न टाळू नका. उत्तर देताना चेहरा सैलावतो की आणखी आवळतो, यावरून नात्यात ओलावा किती उरलाय याचा अंदाज येतो.

दुसरं आणि तिसरं सेशन एकेकट्याचं. त्याआधी गोपनीयतेचा नियम दोघांसमोर ठरवून लिहून घ्या. विवाहबाह्य संबंधासारखी गोष्ट एकाने कानात सांगितली आणि तुम्ही ती पोटात ठेवलीत, तर पुढचं प्रत्येक एकत्र सेशन खोटं होतं. 'असं काही असेल तर ते जोडीदाराला सांगायला मी मदत करीन, पण लपवून ठेवून दोघांबरोबर काम करणार नाही,' असं आधीच स्पष्ट करा.

हिंसेला मात्र हा नियम लागू नाही. भांडणात हात उगारला जातो का? घरी जायची भीती वाटते का? पैसे आणि फोन कुणाच्या ताब्यात असतात? हे एकट्यातच विचारा आणि मिळालेलं उत्तर जोडीदारापर्यंत जाऊ देऊ नका. भीती दिसली तर एकत्र सेशन थांबवा, कारण तुमच्या खोलीत उघडपणे बोललेल्या वाक्याची शिक्षा घरी भोगावी लागते. बाईला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याची, त्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांची आणि १८१ या महिला हेल्पलाइनची माहिती द्या. कुणाच्या बोलण्यात आत्महत्येचा विचार आला, तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवायला उशीर नको. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही हाताशी ठेवा.

चौथ्या सेशनमध्ये गेल्या आठवड्यातलं एकच भांडण घ्या. कागदावर चार रकाने आखा: घटना, विचार, भावना, वागणं. समजा, नवरा आठला येतो म्हणाला आणि साडेनऊला आला. बायको विचाराच्या रकान्यात लिहिते, 'त्याने फोन करायलाच हवा होता. त्याला माझी किंमतच नाही.' नवरा लिहितो, 'दमून आल्यावर तिने असं बोलताच कामा नये.' आता प्रत्येकाला स्वतःच्या वाक्यातल्या 'च'भोवती गोल करायला सांगा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा गाभा हाच: इच्छेचा हट्ट झाला की दुखावलेपणाचा संताप होतो. मराठीत तो हट्ट एका अक्षरात पकडता येतो.

'च' काढायचा म्हणजे अपेक्षा सोडायची नाही. बायकोची अपेक्षा रास्त आहे. हट्ट सुटला की तिची विनंती होते: 'उशीर होणार असेल तर आठच्या आधी एक मेसेज कर.' अशी नेमकी विनंती ऐकणाऱ्याला पाळता तरी येते. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे दोघं घरी जाऊन एकमेकांचे 'च' मोजू लागतात आणि हत्यार तयार होतं. ज्याने त्याने फक्त आपलाच 'च' शोधायचा, हे बजावून सांगा.

सेशनमध्ये आवाज चढला तर थांबवा. जोडप्यांच्या नात्यांवर संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या अभ्यासानुसार नाडी मिनिटाला १००च्या वर गेली की ऐकणं जवळपास बंद होतं आणि शरीर शांत व्हायला किमान २० मिनिटं लागतात. घरीही हाच विराम घ्यायला शिकवा. पण विराम आणि अबोला यांत गल्लत होते. विराम घेणारा परत कधी बोलणार ती वेळ सांगून उठतो: 'साडेदहाला बोलू.' अबोला धरणारा काही न सांगता पाठ फिरवतो.

गृहपाठ एकच द्या: आठवड्यातून दोनदा, १५ मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. केला नाही तर रागावू नका. नेमकं कुठल्या दिवशी, कुठल्या क्षणी अडलं ते विचारा आणि पाचवं सेशन तिथून सुरू करा.